युकुलेलेवरची डबलबारी

वार रविवार, पितृपक्षातला पहिला. प्रवेश फी शून्य, बक्षिसाची रक्कमही शून्य. हजर माणसं तीन: बाबा, आई आणि मी. हिशेबाच्या नजरेने पाहिलं तर त्या दिवशी आमच्या घरात काही घडलंच नाही, कारण जमा आणि खर्च दोन्ही रकाने कोरे आहेत. मी आता एका कारखान्यात कॉस्टिंग बघते आणि कोऱ्या रकान्यांवर विश्वास ठेवत नाही. ही सवय मला तेव्हापासूनचीच असावी.

आम्ही तेव्हा मुलुंडला राहत होतो, दोन खोल्यांत. बाहेरच्या खोलीत कॉट, टीव्ही आणि बाबांच्या कंपनीच्या पैशांतून घेतलेला कॉम्प्युटर; आतल्या खोलीत स्वयंपाक, देव आणि मी. कंपनी बंद होऊन दोन वर्षं झाली होती. बाबा तिथे लेथवर टर्नर होते. हातात पैसे मिळाले ते त्यांनी बँकेत ठेवले, एक कॉम्प्युटर घेतला, आणि मग कॉटवर बसले. बसले म्हणजे अगदी बसलेच असं नाही. सकाळी पेपर, मग पाणी भरणं, मग दाराची कडी काढून पुन्हा घट्ट बसवणं, मग पंख्याची पाती पुसणं. ज्या वस्तूला स्क्रू होता ती आमच्या घरात कधी ढिली नव्हती. मधल्या काळात दोन-तीन ठिकाणांहून बोलावणं आलं. एक वॉचमनचं होतं, एक कुरिअरवाल्याचं. बाबा "बघूया" म्हणत आणि बघत नसत. त्या वर्षी आम्ही गणपतीला गावी गेलो नाही. आईला रजा नव्हती हे सांगायचं कारण. खरं कारण असं की गावात पहिला भेटणारा माणूस "सध्या काय करतास?" असं विचारतो, आणि बाबांकडे त्याचं उत्तर नव्हतं.

आई पवईला एका ऑफिसच्या कँटीनमध्ये कामाला होती. पाचला उठायची. पहाटे कुकरची शिट्टी, मग पोळपाटाचा आवाज, मग तिच्या बांगड्यांचा, मग दार लागल्याचा. या आवाजांच्या क्रमावरून मी अंथरुणात पडल्या पडल्या किती वाजले ते सांगू शकत असे. कँटीनमधून उरलेल्या चपात्या ती कधी घरी आणत नसे. ठेकेदार नेऊ देत होता, बाकीच्या बायका नेतही होत्या. "दिवसभर लाटलेला रात्री परत बघूचा नाय," एवढंच ती म्हणायची. घरी येऊन ती भात आणि माशाची आमटी करायची, नाहीतर भात आणि कुळथाची पिठी. पिठीवर तूप नसलं तरी चालायचं, पण लसणीची फोडणी करपलेली चालायची नाही.

युकुलेले माझ्याकडे आलं ते मावसभावामुळे. तो परदेशी प्रवासी जहाजावर कामाला होता आणि सुट्टीवर येताना आमच्यासाठी चॉकलेटं आणायचा. एकदा त्याने हे चार तारांचं छोटं गिटार आणलं. बाबांनी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा उलटंसुलटं करून तपासलं. युकुलेलेची सगळ्यात वरची तार तिच्या खालच्या तारेपेक्षा उंच सुरात असते, ती तशीच असायला हवी. पण बाबांचा कान पेटीवर तयार झालेला. ते म्हणाले, "ही तार चुकीची लावलेली आसा," आणि मी कॉलेजातून येईपर्यंत त्यांनी ती खाली उतरवून कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी लोंबती करून ठेवली होती. मी पुन्हा चढवली. त्यांनी पुन्हा उतरवली. आठवडाभर हे चाललं, मग त्यांनी नाद सोडला, पण "तुझा ता चुकीचा वाजयता," असं अधूनमधून म्हणत राहिले.

शिकवणारं कोणी नव्हतं. मी इंटरनेटवर शिकले आणि तिथेच मला एक मंडळी सापडली. जगभरातले शंभरेक लोक, बहुतेक माझ्या आईबाबांच्या वयाचे, आठवड्याला एक विषय घेऊन युकुलेलेवर गाणं म्हणायचे आणि व्हिडिओ टाकायचे. त्याला ते स्पर्धा म्हणत. न्यूझीलंडच्या ज्यून नावाच्या एक निवृत्त शिक्षिका ती चालवायच्या. नियम थोडे होते: गाणं एका दमात म्हणायचं, कापाकापी करायची नाही, माणशी एक गाणं, आणि मुदत त्यांच्याकडच्या रविवारी रात्री बारापर्यंत, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेपाच. शेवटी एक नाव जाहीर व्हायचं, बाकी सगळे त्याला शाबासकी द्यायचे आणि त्याआधी सगळ्यांनी सगळ्यांना दिलेली असायचीच. मी वीस वर्षांची, कॉमर्सला, मैत्रिणी बेताच्या. या अनोळखी लोकांनी माझ्या गाण्याखाली चार शब्द लिहिले की माझा दिवस बरा जायचा. ती जागा आता इंटरनेटवर उघडत नाही. मी मागच्या वर्षी शोधून पाहिलं.

त्या आठवड्याचा विषय होता काम. कामावरची गाणी. मी सोमवारीच माझं टाकून मोकळी झाले. बँकेच्या काउंटरवर उभ्या असलेल्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकावर होतं, साधंच. मग दुसऱ्यांची ऐकत बसले. कॅनडाच्या ग्रेग नावाच्या माणसाचं गाणं सगळ्यांना आवडलं होतं. गोरा, टकला, चेहरा प्रेमळ. रविवारची संध्याकाळ झाली की उद्या ऑफिसला जायचं म्हणून त्याच्या पोटात कसा गोळा येतो, असं ते गाणं होतं. बाबा मागे कॉटवर होते.

"काय सांगता तो?"

मी अर्थ सांगितला.

"पगार मिळता ना तेका?"

"मिळत असेल की."

"मगे रडता कित्याक?" बाबा उठून खुर्चीमागे आले. "आणि ह्याका जबाब कोणी दिलो?"

इथे मला थोडं थांबून सांगायला हवं. बाबा कंपनीच्या भजन मंडळाचे बुवा होते. आमच्याकडे सिंधुदुर्गात भजनाची डबलबारी होते: समोरासमोर दोन बुवा, दोघांच्या दोन पेट्या, दोन मंडळं. एक बुवा गातो, देवाचं नाव घेता घेता समोरच्याला चिमटा काढतो आणि शेवटी एक सवाल टाकतो. दुसऱ्याने त्या सवालाचा जबाब गाऊन द्यायचा आणि वर आपला चिमटा काढायचा. लोक त्यासाठीच बसतात. भांडण नसतं, बारी संपली की दोघे एका ताटलीत भजी खातात. पण जबाब न देता उठणं हा मात्र अपमान, समोरच्याचाही आणि स्वतःचाही. मुंबईत उपनगरांतल्या मैदानांवर बाबांनी अशा कितीतरी बाऱ्या केल्या होत्या. कंपनी बंद पडली, मंडळातली माणसं पांगली, आणि पेटी जुन्या चादरीत गुंडाळून कपाटावर गेली. आई तेव्हापासून त्यांना घरातही "बुवा" म्हणायला लागली होती. आधी म्हणत नसे.

"इथे जबाब नाही देत कोणी," मी म्हटलं. "सगळे फक्त छान छान म्हणतात."

"तर मगे स्पर्धा खंयची?"

"मैत्रीची आहे."

"मैत्रीचीच आसता गो चेडवा. मैत्री नसलेल्याक कोण जबाब देता?"

ते परत कॉटवर जाऊन बसले. पुढच्या दोन दिवसांत घरात दुसरंही एक प्रकरण चालू होतं. आईच्या कँटीनच्या ठेकेदाराला स्टोअर बघायला माणूस हवा होता. तांदूळ, तेल, कांदे, गॅसच्या टाक्या येतील त्या मोजून घ्यायच्या, लिहून ठेवायच्या, सकाळी स्वयंपाकाला काढून द्यायच्या. आईने बाबांचं नाव सांगितलं होतं. ठेकेदाराने सोमवारपर्यंत वाट बघतो म्हणून सांगितलं. सोमवारी आठला माणूस आला नाही तर त्याचा भाचा तयार होताच. माझी पुढच्या वर्षाची फी, आईचे गुडघे आणि बँकेतली शिल्लक या तिन्ही गोष्टी तिघांनाही ठाऊक होत्या, त्यामुळे त्यावर कोणी बोलत नव्हतं.

"पितृपक्षात नवीन काम धरीत नाय," बाबा बुधवारी जेवताना म्हणाले.

"गणपतीच्या आधी आषाढ होतो, आता पितर," आई म्हणाली. "मगे नवरात्र. मगे दिवाळी. देव तुमका काम करूकच देणत नाय."

"मी लोखंड कापलंय तीस वर्सां. आता कांदे मोजू?"

"कांदे मोजूक लाज वाटता. खाऊक नाय वाटत."

बाबा ताटावरून उठले नाहीत, आमच्याकडे तशी पद्धत नव्हती, पण आमटी मागून घेतली नाही.

गुरुवारी मी कॉलेजातून आले तेव्हा कपाटावरची पेटी खाली उतरली होती. चादर घडी करून कॉटवर ठेवलेली. बाबांनी अंघोळ करून बंडीवर शर्ट घातला होता. म्हणाले, त्या ग्रेगबुवाला जबाब तयार आहे, तू ते चुकीचं यंत्र वाजव, मी गातो. पेटी चालणार नाही, गाणं युकुलेलेवरच हवं, असं मी सांगितल्यावर ते क्षणभर खट्टू झाले, मग पेटीवर सूर घेऊन मला म्हणाले, "ह्या पट्टीत लाव. आणि मधी थांबू नको." खाली गल्लीत भंगारवाला ओरडत होता. तो पुढे जाईपर्यंत आम्ही थांबलो. मग दोन वर्षांत पहिल्यांदा बाबांनी कानावर हात ठेवला आणि आवाज लावला:

सोमवार इलो म्हणान ग्रेगबुवा रडता,
ऊन पाण्यान न्हाता आणि गाडयेत जावन चढता.
तीस वर्सां भोंगो वाजलो, आमी धावत गेलंव,
सोमवाराक भिवान कधी घरात नाय ऱ्हवलंव!

आवाज पहिल्या ओळीत घोगरा होता, तिसरीपर्यंत मोकळा झाला. मी तीनच कॉर्ड वाजवत होते. मला त्या वेळी फार बरं वाटलं, एवढंच लिहिते. मी घाईघाईने बाबांच्या नावाने खातं उघडून व्हिडिओ चढवला. खाली इंग्रजी अर्थ लिहिला, शब्दाला शब्द. चूक माझी तिथे झाली. डबलबारी म्हणजे काय ते मी लिहिलंच नाही, कारण ते सांगावं लागतं हे माझ्या डोक्यात आलं नाही. अर्धा दिवस व्हिडिओखाली कोणी एक शब्द लिहिला नाही. शुक्रवारी सकाळी ज्यूनबाईंचा मला वेगळा निरोप आला. इथे आपण एकमेकांच्या गाण्यावर टीका करत नाही, ग्रेग हळवा माणूस आहे, आणि तुझे वडील ठीक आहेत ना?

लगेच कॉलेजला दांडी मारून मी लांबलचक खुलासा लिहिला: दोन बुवा, चिमटे, सवाल, शेवटची भजी. संध्याकाळपर्यंत सगळं निवळलं. ग्रेगने स्वतः हसरा निरोप टाकला की तुझ्या वडिलांनी मला बुवा म्हटलं हा मान आहे, आणि हो, माझ्याकडे गरम पाणी आणि गाडी दोन्ही आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी सुटले.

बाबा सुटले नाहीत. "जबाब इलो?" ते शुक्रवारी विचारत होते, शनिवारी विचारत होते. ग्रेगने मान्य केलंय, छान म्हटलंय, असं सांगितलं की मान हलवायचे. "छान नको माका. जबाब होयो. अर्धी बारी झाली ही."

रविवारी पितृपक्षामुळे घरात मासे नव्हते. आईने काळ्या वाटाण्याची आमटी आणि आंबोळ्या केल्या होत्या. आंबोळी तव्यावर पडली की आधी जोरात आणि मग हळूहळू बारीक होत जाणारा जो आवाज येतो, तो मला आजही जगातल्या कुठल्याही वाद्यापेक्षा ओळखीचा वाटतो. माझ्या जावेच्या नॉनस्टिक तव्यावर तो निघत नाही, हे मी तिला एकदाच सांगितलं आणि मग पुन्हा सांगितलं नाही. जेवणं झाली. बाबा कॉटवर आडवे झाले. आई पदराला हात पुसत बाहेर आली आणि मला म्हणाली, "काय ता दोन दिवस जबाब जबाब चल्लाहा, माका दाखव बघू."

तिने तोवर गाणं ऐकलं नव्हतं. गुरुवारी ती कामावर होती, नंतर तिला कोणी दाखवलं नव्हतं. मी लावलं. ती उभ्यानेच ऐकत होती. शेवटच्या ओळीला तिने एकदा कॉटकडे पाहिलं. बाबांचे डोळे मिटलेले, पण पायाचा अंगठा ठेक्यावर हलत होता.

"परत लाव."

मी परत लावलं. "शेवटची ओळ," ती म्हणाली. मी पुन्हा तेवढीच लावली. सोमवाराक भिवान कधी घरात नाय ऱ्हवलंव.

"समोरच्या बुवान जबाब देवक नाय, असाच ना?" आई म्हणाली. "दुसऱ्या कोणी दिलो तर चलता?"

बाबांनी डोळे उघडले. "बायको डबलबारीक बसना नाय."

"ह्या मैदान नाय. ह्या माझा घर." मग मला: "किती वाजेपर्यंत घेतत ते?"

"साडेपाच."

तेव्हा चार वाजून गेले होते. आई आत गेली. मला वाटलं भांडी घासायला गेली, आणि भांड्यांचा आवाज येतही होता, पण मधूनमधून थांबत होता. थांबला की ती काहीतरी पुटपुटायची. बाबा उठून बसले. मला हळूच म्हणाले, "काय करता ती?" मी म्हटलं, "मला काय माहीत." पाचला ती बाहेर आली, ओल्या हातानेच खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "बुवांच्याच चालीत. तू वाजव."

मी आईला त्याआधी आरतीखेरीज गाताना ऐकलं नव्हतं. तिचा आवाज पातळ होता आणि वरच्या सुरात चिरायचा. तिने कॅमेऱ्याकडे पाहिलंच नाही. ती कॉटकडे बघून गायली:

ग्रेगबुवा रडत रडत कामार तरी जाता,
आमचो बुवा हसत हसत घरात बसान खाता.
पाचाक उठान पीठ मळतंय, सातची बस धरतंय,
दुसऱ्यांका रांदून वाढून मगे घरचा करतंय.
नको माका पेटी, बुवा, नको टाळ-मृदंग,
उद्या सोमवार, सातची बस, कोण येतलो संग?

शेवटचा कॉर्ड माझा चुकला. कापाकापी करायची नाही हा नियम, म्हणून तो तसाच राहिला. आई उठली, "घाल तो थंय," म्हणाली आणि आत जाऊन उरलेली भांडी घासायला लागली.

मला काय करावं कळेना. हे घरातलं होतं. गाऊन झालं तरी जगापुढे टाकायचं का, ते मला ठरवता येईना, आणि टाकलं तर बाबांचं काय होईल याची भीती वाटत होती. घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. मी बाबांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते. हात मांडीवर, बोटं पेटीवर असल्यासारखी वाकलेली. बाबा अपमानाने चिडलेले मी आधी पाहिले होते, ते असे दिसत नसत. त्यांना सवाल आला होता आणि ते जबाब शोधत होते. दोन वर्षांत "सध्या काय करतास" हे त्यांना कितीतरी लोकांनी विचारलं असेल, त्या सगळ्यांना त्यांनी टाळलं. बारीत आलेला सवाल टाळणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

"टाकू का, बाबा?"

"टाक. तिच्या नावान टाक. माझ्या नावान नको."

मी आईचं खातं उघडलं. या वेळी अर्थ लिहिताना वर दोन ओळी खुलाशाच्या घातल्या. व्हिडिओ चढायला त्या काळी फार वेळ लागायचा. निळी पट्टी मुंगीसारखी सरकत होती. बाबा माझ्या मागे येऊन पट्टीकडे बघत उभे राहिले. जणू ती पूर्ण व्हायच्या आत त्यांना काही सुचायला हवं होतं. पट्टी पूर्ण झाली तेव्हा मुदतीला थोडीच मिनिटं उरली होती.

"आता तुमचं टाकायचं का उलट?" मी विचारलं. "पण माणशी एकच गाणं आहे. नियम आहे."

"गाण्यान जबाब होवचो नाय ह्याचो," बाबा म्हणाले.

ते आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. आईची पाठ त्यांच्याकडे होती. नळ चालू होता.

"सातची चुकली," ते म्हणाले, "तर मगे दुसरी कधी आसा?"

आईने नळ बंद केला नाही. "चुकवूची नाय."

"तसा नाय. समजा."

"समजा नाय नि उमजा नाय. साडेसहाक घराभायर पडूचा."

"डबो?"

"कँटीनात कामाक जातास, डबो कसलो?" ती म्हणाली, आणि मग मात्र हसली, कारण तिचे खांदे हलले. बाबा हसले नाहीत. ते परत बाहेर आले, कपाटाखालून कामावरचे बूट काढले आणि ब्रश शोधायला लागले. ब्रश कडक झाला होता. त्यांनी तो पाण्यात भिजत घातला.

स्पर्धेचा निकाल सांगते, कारण अर्धवट हिशेब मला आवडत नाही. पहिलं नाव आलं एका आयरिश बाईचं, उंच इमारतींच्या काचा पुसणाऱ्या तिच्या मुलावरच्या गाण्याला. आईच्या व्हिडिओखाली बऱ्याच लोकांनी लिहिलं. ज्यूनबाईंनी लिहिलं की ही नवराबायकोची किती मजेदार जोडी आहे, दोघांनी ठरवून केलेलं दिसतं. मी दुरुस्ती केली नाही. आईला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "ठरवून केला असता तर दोन वर्सां थांबलंय नसते." ग्रेगने विचारलं होतं, मग दुसरा माणूस बसमध्ये गेला का? त्याला मी मंगळवारी उत्तर दिलं.

मुलुंडहून पवईला जाणाऱ्या त्या बसचा स्टॉप आमच्या कॉलेजच्या वाटेवर होता, म्हणून मी सोमवारी त्यांच्याबरोबर तिथपर्यंत गेले. बाबांनी कंपनीत जाताना घालायचे तोच करडा शर्ट घातला होता आणि खिशाला पेन लावलं होतं. वाटेत ते आईच्या चार पावलं पुढे चालत होते, मग रस्ता ओलांडताना थांबले आणि त्यानंतर बरोबरीने चालले. बस आली. आई नेहमीच्या सवयीने पुढे चढली, बाबा मागून. खिडकीतून मला कंडक्टर दिसला; आईला तो रोजचा ओळखत असावा, एक तिकीट फाडून तयार होता. आईने दोन बोटं दाखवली. त्याने मागे पाहिलं, बाबांना पाहिलं, आणि दुसरं फाडलं. बाबांनी खिशात हात घातला होता, पण त्यांच्याकडे मोठी नोट होती. पैसे आईने दिले.

येतानाची दोन तिकिटं बाबांनी काढली.